संमतिपत्रातील ‘मी’ : दुर्मीळ जनुकीय हृदयविकारावरील औषध-चाचण्या आणि सहभागाची भाषा

प्रास्ताविक :

साहित्यसमीक्षेची साधने साहित्यबाह्य संहितांच्या वाचनासाठीही वापरता येतात, हा विचार मराठीत आता नवा राहिलेला नाही. जाहिरात, शासकीय परिपत्रक, पाठ्यपुस्तक, लग्नपत्रिका अशा संहितांकडे अभ्यासक चिकित्सक दृष्टीने पाहू लागले आहेत. मात्र जिच्यावर सही केल्यानंतर सही करणाऱ्याच्या शरीरात औषध जाते, अशा एका संहितेकडे समीक्षेचे लक्ष क्वचितच गेलेले दिसते. ती संहिता म्हणजे औषध-चाचणीचे, अर्थात क्लिनिकल ट्रायलचे, संमतिपत्र होय. वैद्यक, कायदा आणि नीतिशास्त्र या ज्ञानशाखांनी या पत्राचा पुष्कळ विचार केला आहे. परंतु त्यांचा मुख्य प्रश्न ‘पत्रात काय असावे’ हा राहिला. पत्रात बोलतो कोण, तो कोणाशी बोलतो आणि त्या बोलण्यातून बोलणाऱ्याच्या पदरात काय पडते, हे प्रश्न भाषेच्या अभ्यासकाचे आहेत.

प्रस्तुत लेखात हे प्रश्न बार्थ सिंड्रोम या अतिदुर्मीळ जनुकीय हृदयविकाराच्या संदर्भात उपस्थित केले आहेत. या निवडीला कारण आहे. संमतिपत्राचा प्रचलित साचा एक गोष्ट गृहीत धरतो : सहभागी होणारी व्यक्ती नाही म्हणाली तर तिच्या जागी दुसरी मिळेल. मधुमेह किंवा रक्तदाब यांवरील चाचणीत हे गृहीतक खरे असते. ज्या आजाराचे संपूर्ण देशात दीडशेच रुग्ण आहेत, तेथे ते खरे राहत नाही. आणि मग संमतिपत्रातील अगदी निरुपद्रवी वाटणारी वाक्येही वेगळा अर्थ धारण करू लागतात.

बार्थ सिंड्रोम : पार्श्वभूमी

नेदरलँड्समधील बालमज्जाविकारतज्ज्ञ पीटर बार्थ यांनी 1983 मध्ये एका डच कुटुंबातील मुलग्यांमध्ये दिसणाऱ्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. हृदयाच्या स्नायूंचा विकार, हातापायांच्या स्नायूंची दुर्बलता आणि रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची कमतरता, अशी तीन लक्षणे त्यांनी एकत्र मांडली. वाढ खुंटणे आणि कायमचा थकवा ही या आजाराची आणखी दोन ठळक अंगे होत. या विकाराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो प्रामुख्याने मुलग्यांना होतो, आणि बहुतेक वेळा सदोष जनुक आईकडून आलेले असते. पेशीतील ऊर्जाकेंद्र म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. त्याच्या आतल्या पडद्यात कार्डिओलिपिन नावाचा एक मेदघटक असतो. हे जनुक बिघडले की कार्डिओलिपिन नीट घडत नाही आणि ज्या स्नायूंना सर्वाधिक ऊर्जा लागते, म्हणजे हृदयाचे आणि हालचालीचे, तेच प्रथम दुबळे पडतात. साधारणतः तीन ते चार लाख जन्मांमागे एक असे या आजाराचे प्रमाण सांगितले जाते.

जनुकाचा शोध 1996 मध्ये लागला. इटालियन संशोधकांनी त्या प्रथिनाला ‘टाफाझिन’ असे नाव दिले. टाफाझी हे इटलीतील दूरचित्रवाणीवरील एक विनोदी पात्र. प्लास्टिकच्या बाटलीने स्वतःलाच जांघेत मारून घेणे हा त्याचा विनोद. संशोधन कंटाळवाणे होते म्हणून केलेली ही गंमत असेल. परंतु एखाद्या मुलाच्या मृत्यूचे कारण म्हणून जो शब्द रुग्णालयाच्या कागदावर कायमचा लिहिला जाणार, तो ठरवताना त्या मुलाचा विचार कोणाच्या मनात आला नसावा, एवढे अनुमान काढण्यास हरकत नाही. नाव देण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हा प्रश्न संमतिपत्राच्या आधीच येथे सुरू होतो.

बारा जणांची चाचणी

एलामिप्रेटाइड हे कार्डिओलिपिनशी जोडले जाणारे औषध. त्याची बार्थ सिंड्रोमवरील चाचणी ‘टॅझपॉवर’ या नावाने अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत झाली. सहभागी 12, सर्व किमान बारा वर्षे वयाचे. प्रत्येकाला 12 आठवडे रोज त्वचेखाली औषधाचे इंजेक्शन, 12 आठवडे तसेच दिसणारे पण औषध नसलेले इंजेक्शन, आणि मध्ये चार आठवड्यांचा खंड. कोणाला आधी काय मिळेल हे चिठ्ठीच्या तत्त्वावर ठरणार आणि ते ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. सहभागी इतके कमी असल्यामुळे प्रत्येक जण स्वतःचीच तुलना स्वतःशी करणार, अशी ही योजना होती.

मोजायच्या मुख्य गोष्टी दोन : सहा मिनिटांत चाललेले अंतर आणि रुग्णाने स्वतः नोंदवलेला थकवा. पहिल्या टप्प्याअखेर या दोन्हींत औषध आणि निष्क्रिय इंजेक्शन यांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्यानंतर सर्वांना उघडपणे औषध देण्याचा दुसरा टप्पा झाला. त्यात दहा जण गेले. त्यातील 36 आठवडे पूर्ण केलेल्यांचे चालण्याचे अंतर सरासरी सुमारे 96 मीटरने वाढल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढचा प्रवास लांब आहे. अमेरिकी औषध प्रशासनाने 2021 मध्ये कंपनीचा अर्ज दाखल करून घेण्यासच नकार दिला. 2024 च्या जानेवारीत पुन्हा अर्ज झाला. 10 ऑक्टोबर 2024 रोजी सल्लागार समितीने 10 विरुद्ध 6 मतांनी औषध परिणामकारक असल्याचा कौल दिला. तरीही मे 2025 मध्ये मान्यता नाकारली गेली. आणि अखेर 19 सप्टेंबर 2025 रोजी ‘फोर्झिनिटी’ या नावाने त्वरित मान्यता मिळाली. ही मान्यता हृदयाच्या कार्यातील सुधारणेवर नव्हे, तर गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंच्या वाढलेल्या शक्तीवर आधारलेली आहे.

या घटनाक्रमातील एक मुद्दा भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. दुसऱ्या टप्प्यातील सुधारणेवरील प्रमुख आक्षेप असा होता की, आपल्याला औषध मिळत आहे हे ठाऊक असलेला रुग्ण अधिक जोर लावून चालतो. चालणे हे प्रयत्नावर अवलंबून असते, म्हणून ते मोजमाप निखळ नाही. शास्त्रीय दृष्ट्या हा आक्षेप बिनतोड आहे. त्याचा दुसरा अर्थ मात्र असा होतो की, सहभागी माणसाची उमेद ही संशोधनाच्या दृष्टीने मोजमापातील भेसळ ठरते. पहिल्या टप्प्यातही ही अडचण होतीच, कारण खऱ्या औषधाच्या इंजेक्शनने त्वचेवर लाली आणि खाज येते. त्यावरून कोणते इंजेक्शन चालू आहे याचा अंदाज बांधता येतो. सहभागी होण्यासाठी उमेद हवी आणि सहभागी झाल्यावर तिचा हिशेब दोषाच्या रकान्यात, हा विरोध कोणत्याही संमतिपत्रात लिहिलेला नसतो.

‘मी’चे व्याकरण

संमतिपत्राचे सर्वसाधारणपणे दोन भाग असतात : माहितीपत्रक आणि प्रत्यक्ष संमतीचा मसुदा. या दोन भागांतील वाक्यरचना परस्परांहून अगदी भिन्न असते. माहितीपत्रकाच्या मराठी रूपात ‘आपली तपासणी करण्यात येईल’, ‘रक्ताचा नमुना घेण्यात येईल’, ‘औषध देण्यात येईल’ अशा वळणाच्या रचना येतात. मराठी व्याकरणात प्रयोग तीन : कर्तरी, कर्मणी आणि भावे. ‘करण्यात येईल’ ही रचना नव्या कर्मणीच्या वळणाची, आणि तिचे वैशिष्ट्य असे की तिला कर्ता सांगावा लागत नाही. शासकीय मराठीने ती इतकी रुळवली आहे की तिच्यातील रिकामी जागा आता कोणाच्या लक्षातही येत नाही. रक्त कोण काढणार? निर्णय कोण घेणार? कोणाच्या पैशाने? उत्तरे इतरत्र असतात, वाक्यात नसतात. विद्यार्थ्यांना प्रयोग शिकवताना ‘राम आंबा खातो’ हे उदाहरण पुरते; पण ज्या ‘प्रयोगा’त माणसाचे शरीर हे कर्म असते, त्याचे उदाहरण वर्गात द्यायला हवे होते असे वाटते.

दुसरा भाग उघडला की व्याकरण पालटते. तेथे अचानक प्रथमपुरुषी एकवचनी कर्ता येतो : मी. भारतातील ‘नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, 2019’ मध्ये या भागाचा नमुनाच दिलेला आहे. त्यात पाच विधाने आहेत. पहिल्यात ‘मी’ सांगतो की माहिती वाचली, समजली आणि प्रश्न विचारण्याची संधी मिळाली. दुसऱ्यात त्याला कळले आहे की सहभाग ऐच्छिक आहे आणि कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते. त्यामुळे त्याच्या उपचारांवर वा कायदेशीर हक्कांवर परिणाम होणार नाही. तिसऱ्यात त्याला हेही कळले आहे की चाचणीचे प्रायोजक, नीतिसमिती आणि नियामक त्याच्या आरोग्याच्या नोंदी त्याच्या परवानगीशिवाय पाहू शकतील, तो बाहेर पडला तरीही. मात्र त्याची ओळख उघड केली जाणार नाही. चौथ्यात तो निष्कर्षांच्या शास्त्रीय वापरावर कोणतीही मर्यादा न घालण्याचे मान्य करतो. पाचव्यात तो सहभागी होण्यास तयार होतो.

ही पाच विधाने एका दमात वाचली म्हणजे ‘मी’चे स्वरूप स्पष्ट होते. वाक्ये त्याच्या तोंडी आहेत. ती रचली इतरांनी. पहिले विधान मुख्यतः संशोधकाच्या बचावाचे आहे. दुसरे पूर्णपणे ‘मी’च्या बाजूचे. तिसरे त्याला ओळख लपवण्याचे वचन देते, पण दुसऱ्याने दिलेले बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य मर्यादित करते : माणूस बाहेर पडेल, नोंदी आत राहतील. यात फसवणूक आहे असे म्हणता येणार नाही. प्रत्येक विधानामागे ठोस कारण आहे, आणि ते उघडपणे सांगितलेले आहे. आक्षेप एवढाच की, कर्तरी प्रयोगात बोलणारा हा ‘मी’ पाचपैकी बहुतेक ठिकाणी काही करत नाही; त्याला ‘कळलेले असते’ किंवा तो ‘मान्य करतो’. माहितीपत्रकातील अनाम कर्ता कृती करतो, आणि संमतीतील नामधारी कर्ता ती मान्य करतो.

आता बारा जणांची चाचणी डोळ्यांसमोर ठेवून दुसरे विधान पुन्हा वाचावे. ‘केव्हाही बाहेर पडता येते.’ हजारांतील एक बाहेर पडला तर संशोधनाला त्याची उणीव भासत नाही. बारांतील एक बाहेर पडणे म्हणजे संपूर्ण पुराव्याचा बारावा भाग नाहीसा होणे होय. रुग्णांच्या कुटुंबांनी 2000 मध्ये बार्थ सिंड्रोम फाउंडेशन स्थापन केले. त्यांची संमेलने भरतात, मुले एकमेकांना ओळखतात. त्यामुळे बाहेर पडणारा ज्यांचे नुकसान करतो, ते त्याचे मित्र असतात. कायद्याने दिलेले स्वातंत्र्य अबाधित राहते. ते वापरण्याची नैतिक किंमत मात्र पत्रात कोठेही नोंदवलेली नसते. ओळख गुप्त राखण्याच्या वचनाचीही तीच गत. शोधनिबंधातील बारा ओळींच्या तक्त्यात वय आणि चाललेले अंतर दिले, की ज्या समूहात सगळेच परिचित, तेथे नाव लिहायचे राहिले तरी ओळख लपत नाही.

अपेलबॉम, रॉथ व लिड्झ यांनी 1982 मध्ये एक संकल्पना मांडली. संशोधनात भाग घेणारा रुग्ण संशोधनालाच वैयक्तिक उपचार समजतो, या प्रवृत्तीला त्यांनी उपचाराविषयीचा गैरसमज म्हटले. संमतिपत्रांच्या सुधारणेची बरीचशी चळवळ हा गैरसमज दूर करण्यासाठी आहे : भाषा सोपी करा, वाक्ये लहान करा, महत्त्वाचे आधी सांगा. अमेरिकेच्या 2017 मध्ये सुधारलेल्या नियमांत प्रमुख माहिती प्रारंभीच थोडक्यात देण्याची अट याच विचारातून आली. सोपी भाषा हवीच. पण बार्थ सिंड्रोमसारख्या आजारात अडचण आकलनाची नाही. तेथील पालकांना आजाराची माहिती अनेक डॉक्टरांपेक्षा अधिक असते. ज्या आजारावर मान्यताप्राप्त औषधच नव्हते, तेथे औषधापर्यंत पोहोचण्याचा बहुतांशी एकमेव मार्ग चाचणी हाच होता. अशा वेळी चाचणीकडे उपचार म्हणून पाहणे हा गैरसमज म्हणावा की परिस्थितीचे अचूक वाचन? मूळ संकल्पना येथे अपुरी पडते, आणि ती जशीच्या तशी लावणे रुग्णावर अन्याय करणारे आहे.

हान्स योनास या तत्त्वज्ञाने 1969 च्या आपल्या निबंधात वेगळी कसोटी सुचवली होती. प्रयोगाच्या हेतूशी जो स्वतःला जोडून घेऊ शकतो, तो खरा सहभागी, असे त्याचे म्हणणे. म्हणून तो संशोधकांनाच प्रथम उभे करतो आणि रुग्णांना वापरायचे तर त्यांच्याच आजारासाठी, अशी मर्यादा घालतो. दुर्मीळ आजाराचा रुग्ण या कसोटीला पूर्णपणे उतरतो. परंतु योनासच्या मांडणीत तादात्म्य हे स्वातंत्र्याचे लक्षण आहे. जेव्हा आजार, समूह, मैत्री आणि चाचणी एकच होतात, तेव्हा तादात्म्य निवडलेले असते की वाट्याला आलेले, हे सांगणे कठीण होते. योनासकडे याचे उत्तर मिळत नाही.

आई, मुलगा आणि होकार

टॅझपॉवरमध्ये किशोरवयीन मुलगेही सहभागी होऊ शकत होते. त्यांच्या बाबतीत ‘मी’ कोण? अमेरिकी नियम येथे नेमका शब्दभेद करतात. पालक देतात ती परवानगी, मूल देते तो होकार, आणि संमती हा शब्द केवळ स्वतःसाठी बोलणाऱ्या सज्ञान व्यक्तीला. संमती दुसऱ्यासाठी देताच येत नाही, ही त्यामागील भूमिका आहे. मराठीत मात्र ‘पालकांची संमती’ हा शब्दप्रयोग सर्रास होतो. मुलाच्या बाजूसाठी ‘सहमती’ हा शब्द योजला जातो, जो संमतीपासून वेगळा ओळखूही येत नाही. त्यापेक्षा ‘होकार’ किंवा जुना ‘रुकार’ हे शब्द अधिक प्रामाणिक ठरले असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलांचा तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलांचा लेखी होकार अपेक्षित आहे. मुलाने केवळ विरोध केला नाही म्हणून तो होकार मानू नये, असेही अमेरिकी नियम सांगतात. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन ज्या समाजात मुलींच्या लग्नापासून सभेतील ठरावापर्यंत सर्वत्र लागू केले जाते, तेथे हा नियम साधा नाही.

आईची स्थिती याहून अवघड आहे. पालक हा मुलाच्या हिताचा तटस्थ राखणदार आहे, असे संमतिपत्र धरून चालते. बार्थ सिंड्रोममध्ये सही करणारी आई बहुधा तेच जनुक स्वतःच्या शरीरात बाळगून असते. त्यात तिचा दोष काहीच नाही. तरीही ‘माझ्यामुळे’ हा शब्द तिच्या मनात येत नसेल असे कोण म्हणेल? अनेकदा पहिला मुलगा निदानाअभावी गेलेला असतो आणि दुसऱ्याच्या वेळी निदान झालेले असते. अशी आई चाचणीला नाही म्हणू शकते का, हा प्रश्न दबावाच्या कायदेशीर व्याख्येत बसत नाही, कारण दबाव आणणारा कोणीही नाही. अनाम कर्त्याची वाक्ये येथे पुन्हा आठवावीत.

थकव्याचे भाषांतर

या चाचणीची एक जमेची बाजू निःसंशय नोंदवली पाहिजे. थकवा मोजण्याची प्रश्नावली संशोधकांनी आपल्या मनाने तयार केली नव्हती. रुग्णांच्या मुलाखतींतून त्यांच्याच शब्दांच्या आधारे ती घडली. रुग्णाची भाषा शास्त्रीय मोजमापाच्या मुख्य जागी येणे ही मोठी गोष्ट होय. तथापि शब्दाचा अंक होताना काय निसटते, हेही पाहावे लागते. मराठीपुरते बोलायचे तर दमणे, थकणे, शिणणे, गळून जाणे, धाप लागणे आणि ‘अंगात त्राण नसणे’ हे सारे एकाच रकान्यात बसणारे अनुभव नव्हेत. दमलेला माणूस बसला की सावरतो; गळून गेलेला बसल्यावरही सावरत नाही. धाप हृदयाची किंवा फुप्फुसांची, शीण मनाचाही. उद्या अशी प्रश्नावली मराठीत आणायची झाली, तर ‘थकवा’ या एका शब्दाने भागवणारा अनुवादक मोजमापच बदलून टाकील. माहितीपत्रकात ‘प्लासिबो’ला काय म्हणावे याची चर्चा होते, रुग्णाच्या तोंडचे शब्द कोणते, याची होत नाही.

भरपाईचे सूत्र

भारतीय नियमांकडे वळण्याचे कारण केवळ तुलना हे नव्हे. औषध-चाचण्यांतील गैरप्रकारांविरुद्ध इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यानंतरच्या काळात भरपाई, नोंदणी आणि संमतीचे दृक्-श्राव्य चित्रण यांविषयीचे नियम कडक झाले. आज हे चित्रण नव्या रसायनाच्या चाचणीत दुर्बल घटकांतील सहभागींसाठी बंधनकारक आहे. 2019 च्या नियमांनी दुर्मीळ आजारावरील औषधाची व्याख्याही केली : भारतात पाच लाखांहून अधिक नसलेल्या रुग्णांसाठीचे औषध. पाच लाख आणि दीडशे या दोन आकड्यांना एकच विशेषण लागते, ही त्या व्याख्येची मर्यादा होय.

संमतिपत्राच्या नमुन्यात सहभागी व्यक्तीचे शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचे नाव विचारले जाते. संपूर्ण संहितेत माणसाच्या जीवनाचा तपशील येतो तो एवढ्याच ठिकाणी, आणि तोही मृत्यू झाल्यास भरपाई कोणाला द्यायची यासाठी. उत्पन्न विचारले जाते खरे, परंतु भरपाईच्या सूत्रात ते नाही, आणि हे योग्यच आहे. सूत्रात तीन घटक आहेत : आठ लाखांची पायाभूत रक्कम, वयाचा गुणक आणि जोखमीचा गुणक. निरोगी स्वयंसेवकासाठी जोखमीचा गुणक चार. सहा ते चोवीस महिन्यांचे आयुष्य अपेक्षित असलेल्या रुग्णासाठी एक. सहा महिन्यांहून अधिक जगण्याची अपेक्षा नसलेल्यासाठी अर्धा. परिणामी सोळा वर्षांच्या निरोगी मुलाची भरपाई 73.6 लाख येते, तर त्याच वयाच्या, दोन वर्षांहून अधिक जगण्याची अपेक्षा नसलेल्या हृदयरुग्णाची 18.4 लाख. आजाराने आधीच आयुष्य कमी केलेले असल्यामुळे चाचणीने हिरावलेले आयुष्य कमी धरले जाते. हिशेब म्हणून यात विसंगती नाही. पण संमतिपत्राचा वाचक विमाकंपनी नसून तो मुलगा आहे, आणि त्याने हे सूत्र वाचावे अशीच नियमाची अपेक्षा आहे.

चाचणी संपल्यानंतर

समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत बोलका भाग चाचणीनंतरच्या तरतुदींचा आहे. औषधाने गुण येत होता, पर्यायी उपचार नाही, आणि चाचणी संपली, मग पुढे? 2019 च्या नियमांत यासाठी तरतूद आहे, आणि तिचे स्वागत केले पाहिजे. संशोधकाने शिफारस केल्यास आणि नीतिसमितीने मान्यता दिल्यास प्रायोजकाने औषध विनामूल्य पुरवावे. मात्र त्यासाठी रुग्णाने लेखी द्यावे लागते की, चाचणीनंतरच्या वापराची कोणतीही जबाबदारी प्रायोजकावर राहणार नाही. म्हणजे पहिल्या संमतिपत्रात ‘मी’ भरपाईचा हक्कदार होता. दुसऱ्या कागदावर सही करताना तोच ‘मी’ हक्क सोडतो, आणि तेही औषध आपल्याला मानवते हे कळल्यानंतर, म्हणजे नाही म्हणण्याची शक्ती सर्वांत कमी असताना. पहिल्या संमतीभोवती चित्रण, साक्षीदार, नीतिसमिती असा सारा बंदोबस्त आहे. दुसऱ्या सहीवर अभ्यासकांची चर्चा फारशी आढळत नाही.

अमेरिकेतील घडामोडींतही हाच प्रश्न निराळ्या रूपात येतो. त्वरित मान्यता ही अटींसह असते. औषधाच्या लाभाची खातरजमा करणारा पुढील अभ्यास कंपनीवर बंधनकारक आहे. त्या अभ्यासाचे सहभागी त्याच दीडशे जणांतून यावयाचे आहेत. आता औषध बाजारात असल्यामुळे निष्क्रिय इंजेक्शन मिळण्याची शक्यता स्वीकारून कोणी चाचणीत का यावे, या प्रश्नाला जुन्या साच्याच्या संमतिपत्रात उत्तर नाही.

शिवाय ही मान्यता किमान 30 किलो वजनाच्या रुग्णांसाठी आहे. बार्थ सिंड्रोममध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक असते ते आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत, जेव्हा मुलाचे वजन याच्या निम्मेही नसते. मान्यतेपूर्वी काही तान्ह्या मुलांना हे औषध विशेष परवानगीने देण्यात आले होते. त्यांच्यासाठीही कागद होता. त्यात ‘मी’ या कर्त्यापुढे सही मुलाच्या आई किंवा वडिलांची असते.